धुराचा हिशेब

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसलोय, आणि तेही रबराच्या दोन कड्यांबद्दल. मोटरसायकलच्या इंजिनात क्रँकच्या दोन टोकांना बसतात ती ऑइल सील. दोन्हींचे मिळून दोन प्लेट मिसळीएवढेही पैसे झाले नाहीत. पण त्यांच्यापायी मी गेली वीस वर्षं एक गोष्ट चुकीची सांगत आलोय. लग्नाच्या पंगतीत, दिवाळीच्या फराळाला, अगदी बाबांच्या समोरसुद्धा. आमच्या गोतावळ्यातली बरीच मंडळी इथे डोकावतात, तेव्हा दुरुस्तीही इथेच केलेली बरी. ज्यांना गाड्यांचं वावडं आहे त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल. (पण नका गाळू. सगळी गोम तिथेच आहे.)

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. 'बाबांची धुराची गाडी'. बाबा पेट्रोलमध्ये ऑइल सढळ हाताने ओतायचे, गाडी डास मारायच्या गाडीसारखा धूर सोडत जायची, मग इंजिनियर मुलाने त्यांना माप शिकवलं... वगैरे. धाकटा मामा त्यात खोकण्याची नक्कल करायचा. सगळे हसायचे. बाबाही हसायचे.

तर आता पहिल्यापासून.

बाबा प्राथमिक शिक्षक. आमचं घर जुन्नरात आणि त्यांची शाळा घाटघरला. हे नाणेघाटाच्या माथ्यावरचं, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं घाटघर. अकोले तालुक्यात जलविद्युत प्रकल्प आहे ते घाटघर वेगळं. बाबांची पत्रं कधीकधी तिकडे फिरून यायची! जुन्नरहून चावंडच्या बाजूने माणिकडोहच्या पाण्याच्या कडेकडेने वर जायचं, तीसेक किलोमीटर. उन्हाळ्यात मजेचा रस्ता. पावसाळ्यात मात्र तिथे पाऊस पडत नाही, कोसळतो. धुकं असं की आपल्याच गाडीचं पुढचं चाक दिसलं तरी पुष्कळ. एसटी होती, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ यांचं कधी जमलं नाही. म्हणून १९८६ साली बाबांनी जुनी येझदी घेतली. २५० सीसी, १९७९ चं मॉडेल, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. एकच सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. किक मारायची तीच दांडी खाली पाडली की गिअरची व्हायची. लहानपणी मला ही जगातली सर्वांत मोठी जादू वाटायची.

येझदी टू-स्ट्रोक. अशा इंजिनात क्रँकला, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याला, वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं, तेच जाताजाता सगळ्यांना वंगण देतं आणि शेवटी जळून जातं. थोडा धूर म्हणून असायचाच. बाबांचं माप ठरलेलं होतं, ५ लिटरला २०० मिली. त्यासाठी औषधाची एक काचेची बाटली होती आणि तिच्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवून शाईने रेघा आखल्या होत्या. ५०, १००, १५०, २००. वरून मेण फासलेलं, शाई पुसू नये म्हणून. त्या बाटलीलाही आम्ही हसायचो.

२००२ च्या सुमाराला धूर वाढला. पांढरा, दाट, थांबतच नाही असा. २००४ च्या दिवाळीत मी चिंचवडहून घरी आलो होतो. नोकरीला चार वर्षं झालेली, अंगात इंजिनियरिंग भिनलेलं. बाबांनी गाडी सुरू केली आणि सगळं अंगण धुरात गेलं. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही ऑइल जास्त घालताय."

"मी मोजून घालतो."

"मग मोजताना चूक होत असेल. चष्म्याचा नंबर बघा एकदा."

हे वाक्य मी पाहुण्यांसमोर बोललो. बाबा काही बोलले नाहीत. मी ती बाटली घेतली, १०० च्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, यापुढे एवढंच. आणि गंमत म्हणजे धूर खरंच थोडा कमी झाला! झालं, मी जिंकलो.

पुढच्याच जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर लगेच, चावंडच्या पुढच्या चढावर इंजिन जाम झालं. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला. छप्पन्न वर्षांचा माणूस भर पावसात ते धूड ढकलत होता. ही गोष्ट मला आईकडून कळली, तीही पंधरा दिवसांनी. मग जुन्नरात रिबोअर केलं, नवा पिस्टन टाकला. महिनाभराने धूर पुन्हा तेवढाच. त्यानंतर बाबांनी गाडी काढणं हळूहळू बंदच केलं. २००७ ला निवृत्त होईपर्यंत एसटीने आणि कुणाच्या ना कुणाच्या जीपने जात राहिले. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. २०१६ साली बाबा गेले.

गेल्या उन्हाळ्यात आईला भेटायला घाटघरचा एक माणूस आला. बाबांचा विद्यार्थी. भोसरीत वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी परतला तो परतलाच. आता घराशेजारच्या शेडमध्ये पॉवर टिलर, पाण्याचे पंप, मोटरसायकली, काय येईल ते दुरुस्त करतो. "ब्लॉगवर माझं नाव नका टाकू," म्हणाला, म्हणून त्याला नुसतं मिस्त्री म्हणतो. पडवीत जाऊन त्याने ताडपत्री उचलली आणि मला फोन लावला.

"दादा, गुरुजींची गाडी अशी ठेवतात होय? घाटघरला पाठवा. मी करतो."

पैशाचं विचारलं तर रागावला. "सुटे भाग तेवढे तुम्ही आणा."

पुण्यात नाना पेठेत गेलो. जुन्या गाडीचे भाग मिळतील की नाही ही धाकधूक होती. आयडियल जावा १९९६ लाच बंद पडली. येझदी हे नाव २०२२ मध्ये परत आलं, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक, त्यांचा हिच्याशी नावापुरता संबंध. तरी तिसऱ्या दुकानात सगळं मिळालं. बेअरिंग, गॅस्केट, पिस्टन रिंगा आणि दोन ऑइल सील. सीलवर बारीक अक्षरांत तीन आकडे असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून ते वाचले आणि कागदात गुंडाळून दिले. खिशात टाकले, विसरूनही गेलो.

पिकअपमध्ये गाडी टाकून घाटघरला पोचलो तेव्हा अंगणाअंगणात बाळहिरडा वाळत घातला होता. मिस्त्रीच्या शेडच्या दारातून समोर जीवधन. चहा झाला. त्याने गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो पिस्टनचा नाही, धुराचाही नाही.

"गुरुजी गिअर ऑइल किती दिवसांनी भरायचे?"

मला काय माहीत! गिअर ऑइलचा धुराशी काय संबंध?

"बघू," म्हणाला, आणि कामाला लागला.

आता तो गाळू नका म्हटलेला भाग. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक ज्या पोकळीत फिरतो ती क्रँककेस म्हणजे नुसता डबा नसतो, तो भाता असतो. पिस्टन वर गेला की खालची हवा विरळ होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. लोहाराचा भाता फाटका असून चालेल का? तसंच हे. पण क्रँकची दोन टोकं तर बाहेर यायलाच हवीत, एक क्लच फिरवायला आणि एक डायनॅमो फिरवायला. तिथे फिरत्या दांड्याभोवती हवा अडवायचं काम ही दोन सील करतात. आत रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठाला दांड्यावर दाबून धरणारी बारीक तारेची गोल स्प्रिंग.

आपल्या आताच्या फोर-स्ट्रोक गाडीचं असं सील गेलं की ऑइल बाहेर गळतं, फरशीवर डाग पडतो, बायको ओरडते, आपण गाडी गॅरेजला नेतो. टू-स्ट्रोकचं तसं नाही. येझदीत डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन गिअर ऑइलमध्ये बुडालेली असते. त्या बाजूचं सील फाटलं की पिस्टनच्या प्रत्येक फेरीला भाता ते ऑइल आत ओढतो आणि इंजिन ते जाळून टाकतं. बाहेर थेंबसुद्धा नाही. नुसता धूर. उजव्या बाजूला डायनॅमो, तिथे ऑइल नाही, त्यामुळे ते सील गेलं तर हवा ओढली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबरचं वंगणही कमी पडतं, इंजिन तापतं, अॅक्सिलरेटर सोडला तरी वेग चटकन उतरत नाही. आणि चढावर एखाद्या दिवशी पिस्टन धरतो.

मिस्त्रीने डावं कव्हर काढलं, क्लच उतरवला, पुलर लावून क्रँकवरचं दातेरी चक्र ओढून काढलं. मग माझ्या हातात बॅटरी दिली आणि बाजूला सरकला. "बघा."

सीलचा ओठ एका बाजूला बोटाच्या पेराएवढा फाटलेला होता. स्प्रिंग जागेवरून निघून एका कडेला लोंबत होती.

मी म्हणालो, "इतकी वर्षं पडून होती ना गाडी, म्हणून फाटलं असेल."

"नाही दादा. पडून राहिलेलं रबर फाटत नाही, दगड होतं. ते उजव्या बाजूचं बघा." त्याने डायनॅमोच्या बाजूचं सील काढून दिलं. नखाने दाबलं तर खूण उमटेना. "आणि ह्या फाटलेल्याची कड बघा. घासून गुळगुळीत झालीय. म्हणजे फाटल्यावर गाडी पुष्कळ चालली."

मग क्रँककेस उघडली. तळाशी डांबरासारखं काळं चिकट साचलेलं.

"रिबोअर केलं होतं ना?" मी विचारलं. "तेव्हा कुणाला कसं नाही दिसलं?"

"रिबोअर वरच्यावर होतं. सिलिंडर उचलला, काम झालं. खाली कुणी कशाला बघेल? धूर आला की सगळे म्हणतात, ऑइल जास्त पडतंय." त्याला माझी गोष्ट माहीत नव्हती. तो सहजच बोलून गेला.

मी बाहेर येऊन दगडावर बसलो. म्हणजे बाबा मोजूनच घालत होते. जास्तीचं ऑइल भलतीकडून येत होतं, आणि मी ते बरोबर पडणारं ऑइल निम्मं केलं. तापणाऱ्या इंजिनाचं वंगण काढून घेतलं. इंजिन त्यामुळे धरलं की उजव्या सीलमधून हवा ओढल्यामुळे? मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही असेल. एकट्याने इतक्यात धरलं नसतं बहुतेक." माझ्या समाधानासाठी त्याने उत्तर गोड करून सांगितलं नाही, हे बरं केलं.

संध्याकाळी जुन्नरला आईकडे आलो आणि बाबांच्या वह्या मागितल्या. बाबा गाडीची वही ठेवायचे हे मला माहीत होतं. त्यांना नोंदींचं वेडच होतं. दर हिवाळ्यात शाळेची पोरं घेऊन नाणेघाटाच्या लेण्यात जायचे. तिथला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, त्यात यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडे आहेत, गायी किती, घोडे किती, नाणी किती. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांपैकी ते आकडे. पोरांना ते भिंतीवर दाखवायचे आणि म्हणायचे, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हिशेब लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला कळतंय. मीही एकदा त्या सहलीला गेलो होतो. माझं सगळं लक्ष घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणाकडे.

वही ट्रंकेत होती. २००२ पासूनची पानं काढली. बाबांचं ते सरळ, फळ्यावरचं अक्षर.

गिअर ऑइल १०० मिली घातले. मागील भरल्यापासून ९०० कि.मी. गळती नाही.

मग ७०० कि.मी. मग ४५०. मग ३००. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'गळती नाही'. आणि ऑक्टोबर २००४ च्या एका नोंदीत, २०० कि.मी. पुढे: 'खाली थेंब नाही. मग जाते कुठे?'

बघा! मिस्त्रीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर किलोमीटरसकट लिहून ठेवलेलं. आणि बाबांचा स्वतःचा प्रश्नही तिथेच, आजाराच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून. इंजिनियर मुलगा बारा-पंधरा दिवसांत दिवाळीला येणार होता. कदाचित त्यालाच विचारायचं असेल. त्याने मात्र आल्याआल्या चष्म्याचा नंबर काढला.

पुढची नोंद: 'मुलाच्या सांगण्यावरून पेट्रोलमध्ये ऑइल निम्मे केले.'

आणि जून २००५: 'चढावर इंजिन जाम. शाळेस १ तास ४० मिनिटे उशीर.'

बस एवढंच. मुलगा वगैरे काही नाही. त्या पानावर मला एक तरी तक्रारीचा शब्द हवा होता. नाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटघर. बाबांची ती औषधाची बाटलीही सोबत घेतली. मिस्त्रीने केस गरम करून नवी बेअरिंग बसवली होती, क्रँक जागेवर घेऊन दोन्ही भाग जोडून टाकले होते. क्रँकवर जिथे सीलचा ओठ फिरतो तिथे नख फिरवून बघितलं, खाच पडलेली नव्हती. खाच असती तर नवं सीलही फार टिकलं नसतं. उजवं सील त्याने बसवलं. डावं माझ्या हातात दिलं.

"हे तुम्ही बसवा."

स्प्रिंगची बाजू आत, क्रँककेसकडे. ओठाला ऑइल. क्रँकवर चावीची खाच असते, तिच्या धारेने नवा ओठ आत जातानाच कापला जाऊ शकतो, म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा पातळ वेढा. मग सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके, गोल फिरत, एका बाजूला तिरकं होऊ न देता. काम पाच मिनिटांचं. माझ्या तळहातांना घाम सुटला होता.

पिस्टन-सिलिंडर चढवल्यावर मिस्त्रीने कार्बोरेटरचं तोंड आणि सायलेन्सरची दोन्ही भोकं जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केली, प्लगच्या जागेतून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि दोन्ही सीलभोवती साबणाचं पाणी लावलं. आम्ही दोघं डोकं खाली घालून बुडबुडा येतो का बघत बसलो. नाही आला.

राहिलेलं सगळं चढवेपर्यंत दुपार झाली. ५ लिटर पेट्रोल आणलं. बाबांच्या बाटलीवर मेणाखालची शाई अजून शाबूत. २०० च्या रेघेपर्यंत भरलं, डोळ्यासमोर धरून.

सातव्या किकला गाडी सुरू झाली आणि शेड धुराने भरली. माझ्या पोटात खड्डा पडला. मिस्त्री ओरडला, "थांबा हो! सायलेन्सरमधलं जुनं जळतंय." थांबलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. धूर विरत गेला, मग निळसर पातळ झाला, आणि शेवटी ऊन पडलं तरच दिसेल एवढा राहिला. शेजारची एक आजी हिरड्यावरून हात फिरवता फिरवता म्हणाली, "गुरुजींची गाडी ना ही? आवाज ओळखला."

मिस्त्रीला मागे बसवून नाणेघाटापर्यंत जाऊन आलो. अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन शहाण्यासारखं शांत व्हायचं. लेण्यापाशी थोडा वेळ बसलो. फार काही बोललो नाही.

तर नातेवाईक मंडळी, खुलासा एवढाच: बाबांचं माप चुकत नव्हतं. माझं चुकलं. पुढच्या लग्नात ही गोष्ट कुणी काढलीच, तर मामाने नक्कल जरूर करावी, पण शेवट हा सांगावा.

गाडी आता जुन्नरलाच असते, महिन्यातून दोनदा मी चालवतो. परवा ६०० किलोमीटर झाले. गिअर ऑइलची पातळी बघितली आणि बाबांच्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, एक ओळ लिहिली:

'६०० कि.मी. गिअर ऑइल कमी नाही.'